बेचक्या कोरड्या आहेत

आईचा उजवा पाय मी अकराव्या वर्षापासून धूत आले. डावा ती स्वतः धुवायची. उजवा गुडघ्याखाली इतका भरला होता की पिंढरी, घोटा, टाच अशी वेगळी ओळख त्याला उरली नव्हती. घोट्याच्या जागी कातडीची एक आडवी घडी पडली होती. त्या घडीत रोज काही ना काही सापडायचं. कधी वाळू, कधी भाताचं तूस. एकदा तर नखाएवढं जिवंत खेकड्याचं पिल्लू निघालं. तेव्हा आई इतकी हसली की तांब्या कलंडला.

"बघ गो रंगू, माझे पायान बिऱ्हाड केलंय त्यानं. भाडं घे त्याच्याकडना."

ती स्वतःच्या पायावर असं बोलू शकायची. दुसऱ्यानं बोललेलं मात्र ती ऐकून घ्यायची आणि गप्प बसायची.

आमचं गाव उरणच्या मिठागरांना लागून. माझा बाप तुळशीराम मिठागरात राबायचा. माझी आई राही, तीही तिथेच. आईचा भाऊ धर्माजी, माझा मामा, त्याच मिठागराचा मुकादम. गावात लिहितावाचता येणारा त्या पिढीतला तो एकटा. डोक्याला लाल पागोटं, कानाला पेन्सील.

पावसाळा सरून तुळशीचं लग्न लागलं की मिठागराचे वाफे उपसायचे, तळाचा खारा चिखल सारखा करायचा आणि मग तो पायांनी तुडवायचा. तळ दगडासारखा घट्ट बसला नाही तर पाणी जिरतं आणि मीठ मातीचं येतं. आधी बायांची रांग उतरायची. एकमेकींच्या कमरेत हात घालून, टाच आधी टेकत, आठ-आठ दिवस त्या तुडवायच्या. मागून पुरुष फळकुटांनी तळ चोपायचे. पहाटे चिखल असा गार असायचा की पाय घोट्यापर्यंत बधिर व्हायचे, आणि दुपारी तोच चिखल टाचांच्या भेगांत जाऊन आग करायचा.

माझ्या आठव्या वर्षी आईचा पाय भरायला लागला. दहाव्या वर्षी तो लपण्यासारखा राहिला नाही. त्या वर्षी ती वाफ्यात उतरली तेव्हा रांगेतली बायजा मोठ्यानं म्हणाली, "सरका गो सरका, हत्तीन आली. बांध फुटल आता!"

सगळ्या हसल्या. बांधावर उभा असलेला माझा बापही हसला.  आईनं लुगड्याचा काष्टा सैल करून पाय झाकायचा प्रयत्न केला. पण चिखलात लुगडं खाली सोडून कुणाला चालता येतं? शेवटी तिनं तो पुन्हा वर खोचला.

बांध फुटला नाही. उलट त्या हंगामात मीठ असं धरलं की म्हाताऱ्यांनाही तसं आठवेना. फाल्गुनात वाफ्यांत पांढरी जाड साय आली होती. मिठागराचा मालक मुंबईहून बघायला आला आणि मामाची पाठ थोपटून गेला. मामानं बांधावर उभं राहून सगळ्यांदेखत सांगितलं, "माझे बहिनीचं पाऊल हाय यो. गजलक्षुमीचं पाऊल. हत्तीच्या पायाखाली तल बसला, म्हनून मीठ आलं."

पुढच्या कार्तिकात तुडवणीच्या पहिल्या दिवशी आईला बांधावर पाटावर बसवलं. मामानं स्वतः तिच्या उजव्या पायावर दूध घातलं, हळद लावली, कुंकवाची बोटं ओढली. बायजानं तिची हिरव्या खणानं ओटी भरली. मग आई एकटी वाफ्यात उतरली. या बांधापासून त्या बांधापर्यंत ती एकटीच चालत गेली. मागे चिखलात एक लहान आणि एक मोठं अशी पावलं उमटत होती. ती पलीकडे पोचेपर्यंत कुणी दुसरं पाऊल टाकलं नाही. मी बांधावर होते. आईनं लुगड्यानं पाय झाकून घेतला नव्हता.

सहाव्या दिवशी तिला थंडी वाजून ताप भरला. जांघेत गाठ आली. पाय लाल, हात लावला तर भाजेल असा. पाच दिवस ती बडबडत होती. ताप उतरल्यावर पाय आधीपेक्षा आणखी जाड झाला होता.

"दिष्ट लागली," बायजा म्हणाली. "एवरा मान झाल्यावर लागनारच." तिनंच मूठभर मीठ ओवाळून चुलीत टाकलं.

त्यानंतर दरवर्षी हेच. कार्तिकात दूध आणि कुंकू, मग ताप, मग पुढच्या वर्षी आणखी जड झालेला पाय. दृष्ट दरवर्षी वेळेवर लागायची.

मी शाळेत जात होते, हीही मामाचीच कृपा. त्यानं बापाला सांगितलं होतं, "पोरीला शिकू दे, माझं नाव काढील." चौदाव्या वर्षी मी आईला बैलगाडीत घालून उरणच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर बाहेरगावी गेले होते. तिथल्या परिचारिका कुलसुमबी होत्या. विधवा बाई, मुंबईच्या इस्पितळात काम शिकून आलेल्या. त्यांनी आईला बाकावर बसवलं, स्वतः खाली बसल्या आणि तो पाय उचलून मांडीवर घेतला. आई घाबरली. माझ्याखेरीज त्या पायाला असा हात कुणी लावला नव्हता.

"बहिणाबाई, खोटं सांगत नाही," कुलसुमबी म्हणाल्या. "हा पाय पहिल्यासारखा व्हायचा नाही. पण वाढायचा थांबवता येतो. ताप येऊ द्यायचा नाही. प्रत्येक ताप हा पाय मोठा करून जातो."

"दिष्ट लागते त्याला," आई म्हणाली.

कुलसुमबींनी आईच्या पायाची बोटं अलगद फाकवली. आत कातडी पांढरी पडून फाटली होती. "ही बघ तुझी दृष्ट. चल बेटी, तूही बघ. पायातलं पाणी वर चढत नाही, साचून राहतं. साचलेल्या पाण्यात जरा घाण गेली की नासतं ना? तुझ्या-माझ्या पायाला चीर पडली तर अंग तिच्याशी भांडतं. ह्या पायात भांडायची ताकद राहिली नाही. म्हणून त्याच्या वतीनं तू भांडायचं."

मग त्यांनी मला करून दाखवलं. उकळून निवलेलं पाणी, साबण, घासायचं नाही. घडी उघडून धुवायची. बोटांच्या बेचक्या जुन्या मऊ फडक्यानं टिपायच्या, एकेक करून, अगदी कोरड्या होईपर्यंत. मग खोबरेल. बोटांपासून गुडघ्यापर्यंत पट्टी. झोपताना खाटेच्या पायथ्याखाली विटा. अनवाणी चालायचं नाही. डास चावू द्यायचे नाहीत.

"आणि खारा चिखल?" मी विचारलं.

"त्या चिखलात कातडी तडकते. पाय घालायचाच नाही."

 गाडीत बसल्यावर आई म्हणाली, "बाई गुनाची हाय. पन तिला मिठागरातलं काय कलतं?"

त्या दिवसापासून मी खाटेजवळच्या भिंतीवर कोळशानं रेघा ओढायला लागले. तुडवणीच्या दिवशी लांब रेघ, तापाच्या दर दिवशी आखूड. तीन कार्तिक गेले. लांब रेघेच्या पाठोपाठ आखूड रेघांचा झुबका, तीनही वेळा. धुणंपुसणं मी सोडलं नव्हतं, म्हणून मधल्या महिन्यांत एकही रेघ नव्हती. फायनलची परीक्षा पास झाले त्या वर्षी मी मामाला घरात बोलावलं आणि भिंत दाखवली.

मामाला वाचता येत होतं.  पागोटं काढून त्यानं काखेत धरलं. "यो सगला ताप तुडवनीचा?"

"तूच बघ. अजून दोन-तीन कार्तिक असे गेले तर आई जगायची नाही."

तो कोपऱ्यातल्या मडक्याकडे गेला आणि त्यानं मूठभर मीठ काढलं. आमच्याकडे देवापेक्षाही मिठाची आण मोठी. मीठ हातात धरून बोललेलं मोडत नाहीत. "राहीचा पाय मिठागरात पडनार न्हाय," मामा म्हणाला. मग त्यानं ते मीठ माझ्या बापाच्या ओंजळीत ओतलं. बापही तेच म्हणाला. आई खाटेवर बसून होती. तिच्यापुढे मीठ कुणी धरलं नाही. मलाही सुचलं नाही.

त्या वर्षी ताप आला नाही. उरणच्या मोच्याकडून मी आईसाठी जाड कापडाचा, पुढून रुंद बूट शिवून घेतला. तो इतका मोठा होता की आई म्हणाली, "यामंदी बसून मोऱ्याच्या बंदराला जाता येल, होरी नको." पण घालायची. पौषापर्यंत घोट्याची घडी सैल झाली, आणि एके दिवशी पाय धुताना मला तिच्या टाचेचं हाड बोटाला लागलं.  दोनदा चाचपून बघितलं.

त्या वर्षी पहिल्या पावलाला बायजा उतरली होती. तिच्या पायावरही दूध घातलं गेलं. आणि फाल्गुनात, मीठ ओढायला चार दिवस राहिले असताना, अवकाळी पाऊस आला. सकाळी सुरू झाला आणि सांजेपर्यंत थांबला नाही. माणसं बांधावर उभी राहून बघत होती. करण्यासारखं काही नव्हतं. वाफ्यांतली पांढरी साय आधी करडी झाली, मग पातळ, मग नुसतं पाणी. आमच्याच नाही, खाडीपलीकडच्या मिठागरांतही तेच झालं. पण आमच्या गावाला आमचं कारण सापडलं होतं.

विहिरीवर बायजा म्हणाली, "आमचे पाय पडले हलके. ज्यांचे जड, ते बूट घालून खाटंवर. लेक मडमीन झालीय ना."

मी उत्तर द्यायला वळले तेव्हा आईनं माझा दंड धरला. "राहू दे. घागर भर."

घरी येताना ती सारखी मागं राहत होती. मी थांबले तर म्हणाली, "तू चाल. बूट चावतोय." मी बूट काढून बघितला. कुठेही चावल्याची खूण नव्हती.

पुढच्या आश्विनात मला मुरुडला मुलींच्या शाळेत नोकरी लागली. मी जाणार नव्हते. आईनंच पेटी भरली. "चार बुकं शिकलीस ती माझा पाय पुसायला? जा. मी काय ल्हान हाय?"

मी तिला सगळं पुन्हा म्हणायला लावलं. पाणी, साबण, घडी, बेचक्या, खोबरेल, पट्टी, विटा. मुलीकडून पाढे म्हणून घ्यावेत तसं. ती कंटाळली नाही. बूट धुऊन अजून ओलसर होता, म्हणून मी त्यात वर्तमानपत्राचा बोळा कोंबला आणि तो दाराशी ठेवला. मामा म्हणाला, "दर आठवड्याला कार्ड टाकीन. तू कालजी करू नको."

मुरुडला माझी खोली नारळाच्या वाडीत होती. शाळा सुटली की मी कार्डाची वाट बघायची. ती यायची, वेळेवर. मामाचं अक्षर ठसठशीत. *राहीची प्रकृती उत्तम. पाय रोज धुते. बूट घालते. खाटेखाली विटा आहेत. बोटांच्या बेचक्या कोरड्या आहेत.*

'बेचक्या' हा शब्द मामाचा नव्हता. तो माझा होता, माझ्या आधी कुलसुमबींचा. तो कार्डावर वाचला की मला घर दिसायचं. आई फडकं घेऊन बसली आहे, एकेक बोट फाकवते आहे. तुळशीच्या लग्नानंतर आलेल्या कार्डावरही तेच होतं, त्याच क्रमानं. मी ते वाचलं आणि पुस्तकात खुणेला ठेवलं. नंतर आठ दिवसांनी तार आली. *राही आजारी. ये.*

आगबोटीनं मुंबई, तिथून दुसऱ्या बोटीनं मोरा बंदर, मग पायी. दुपारी पोचले. दाराशी बूट नव्हता. तो आत खुंटीवर टांगला होता. भिंत दिवाळीला सारवलेली, लख्ख. रेघा कुठेच नव्हत्या.

आई खाटेवर होती. खाटेखाली विटा नव्हत्या. डोळे मिटलेले, ओठ फुटलेले. मी पांघरूण काढलं. पाय जांघेपर्यंत लाल आणि ताणलेला होता, पिंढरीवर पाण्याचे फोड. मी बोटं फाकवली. बेचक्यांत खारा चिखल वाळून बसला होता आणि त्याच्या कडेला हळद होती. नखांवर कुंकू.

बाप दाराच्या चौकटीला टेकून उभा होता.

"बा, हे काय?"

तो बाहेर बघत म्हणाला, "मामाला इचार."

मामा अंगणात बाजेवर बसला होता. मला बघून उठला. डोळे लाल होते. तो रडला होता हे मला दिसत होतं, आणि त्यानं माझा राग कमी होत नव्हता.

"मीठ हातात घेतलं होतंस, मामा."

"घेतलं व्हतं."

"मग?"

"ते मीठ फागुनात इरघललं, पोरी. तू बी बघितलंस. सगल्या गावाचं इरघललं. म्या कुनाकुनाचं तोंड बघायचं? दोन वर्सं तशी गेली तर मालक मिठागर दुसऱ्याला देल. चालीस घरं हायत." त्यानं पागोटं नीट केलं. "एकच दिवस म्हटलं. पहिलं पाऊल, बस. आठ दिस म्या तिला तुडवू दिलं न्हाय. घरी आनून पाय धुवून टाक, असं तुलशीरामाला बजावून सांगितलं."

"आणि कार्डं?"

 "तिच्याम्होरं बसून ल्हिलीत. तिनं सांगितलं, म्या ल्हिलं."

मी उरणला गाडी पाठवली. कुलसुमबी संध्याकाळी आल्या. त्यांनी पाय पाहिला, नाडी धरली आणि माझ्याकडे न बघता पाणी उकळायला सांगितलं. आम्ही दोघींनी पाय धुतला. चिखल सुटायला वेळ लागला. त्या जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या.  त्यांचा सगळा उपदेश संपला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईला शुद्ध आली. मी विटा लावत होते.

"कवा आलीस?"

"काल."

"शाला बुडली."

मी खाटेच्या कडेला बसले. विचारायचं नाही असं ठरवलं होतं. तरी विचारलं. "कार्डांवर तूच सांगितलंस? बेचक्या कोरड्या आहेत म्हणून?"

तिनं मान डोलावली.

"मामानं जबरदस्ती केली?"

"न्हाय. त्यो आला, दारात हुबा ऱ्हायला. बोललाच न्हाय काय. तुझा बापूसबी बोलला न्हाय. मीच म्हटलं, येते."

"का, आये?"

तिनं डोळे मिटले. मला वाटलं, पुन्हा ग्लानी आली.

"तू धुतलास माझा पाय, रंगू. सात वर्सं. लेकीनं कुनी केलं नसंल तसं केलंस." तिनं ओठ ओले केले. "पन तू त्याला आजारच म्हनत व्हतीस. वर्सातून एक दिस, या बांधापासून त्या बांधापत्तर, त्यो पाय म्हनजे आजार नसायचा. कुनी हसायचं न्हाय. तुझा बापूस बी."

मग म्हणाली, "तुला कललं असतं तर तू येऊन मना थांबवलं असतंस. म्हनून तुझेच शब्द सांगितले."

तिनं पाणी मागितलं. मी पाजलं. त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही; ग्लानीत तिच्या आईशी बोलत होती. तिसऱ्या दिवशी, उन्हं वर आल्यावर गेली.

बाया आंघोळ घालायला जमल्या. बायजा पुढे होती. उजव्या पायाला हात लावायला कुणी तयार नव्हतं, म्हणून तो माझ्याकडे आला. मी घडी उघडून धुतली. जुनं फडकं घेतलं आणि बेचक्या टिपायला लागले, अंगठ्यापासून.

"आता कशाला गो पुसतेस?" बायजा म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. "चला, उशीर होतोय."

मी उरलेल्या बेचक्या टिपल्या. मग हळदीचं ताट पुढे आलं. सवाष्ण गेली होती, कुंकू लावणं भाग होतं. बायजानं कपाळाला लावलं आणि बोट पायाकडे नेलं. मी पायावर फडकं टाकलं. तिनं बोट मागे घेतलं आणि स्वतःच्या पदराला पुसलं.

बूट मी खुंटीवरून काढला. त्याचा तळ स्वच्छ होता. आत मी कोंबलेला वर्तमानपत्राचा बोळा तसाच होता, आश्विनातल्या तारखेचा.

मुरुडला परत गेले. मामाची कार्डं पुढेही येत राहिली. मी ती न वाचता ठेवत असे. उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आले तेव्हा अंगणात टोपली होती, वर फडकं झाकलेलं.

"धर्माजीनं आनून ठेवली," बाप म्हणाला. "या वर्साचं पहिलं मीठ."

मी फडकं उचललं. मोठे, चौकोनी, काचेसारखे दाणे. गेल्या कित्येक वर्षांत असं मीठ झालं नव्हतं, असं गावात जो तो सांगत होता.

दुपारी बापानं पेज केली. आई गेल्यापासून तोच चूल करायचा. त्यानं माझ्यापुढे वाडगा ठेवला आणि माझ्याकडे न बघता टोपलीतली चिमूट त्यात टाकली. मी ढवळत बसले. दाणे विरघळायला वेळ लागला.

मी वाडगा सरकवला, असं मला इथे लिहिता आलं असतं. पण दोन बोटींचा प्रवास करून आले होते, भूक लागली होती, आणि घरात दुसरं मीठ नव्हतं.

"बरोबर झालंय?" बापानं विचारलं.

"झालंय," मी म्हणाले.